जंगल क्वीनवरची फुगडी

मित्रांनो, काळी नदीच्या धरणाचे पाणी जिथे जोयड्याच्या जंगलात आत शिरते, तिथे काठावर जांभळीच्या झाडाखाली एक लांबट लाकडी बोट कलंडून पडलेली दिसेल. तिच्या अंगावर पिवळ्या रंगात ‘जंगल क्वीन’ असे लिहिले आहे. ती मीच. लोकांना संध्याकाळी पाण्यावरून फिरवून आणणारी मी एक जुनी सफरीची बोट आहे.

माझा जन्म कारवारचा. गुरुदास नावाच्या सुताराने मला समुद्राकाठी माडांच्या सावलीत बांधले. लाकूड मात्र घाटावरून, याच जोयड्याच्या डोंगरातून आले होते. गुरुदास फार बोलत नसे. फळीला फळी नीट जुळली की तिच्यावरून एकदा तळहात फिरवायचा आणि पुढच्या फळीकडे वळायचा. फटींत कापूस ठोकून त्याने मला काजूच्या टरफलांचे तेल पाजले, नारळ फोडला, आणि ‘शांतादुर्गा’ असे नाव ठेवून मला पाण्यात सोडले. चालवायचाही तोच.

मासे धरायला माझा जन्म नव्हता. ऊन उतरले की किनाऱ्यावरून माणसे यायची. नवी जोडपी, मुलाबाळांची कुटुंबे, काठी टेकत आलेले आजोबा. गुरुदास मला कारवार शहराच्या कडेकडेने न्यायचा. आधी वाळूचा लांब पट्टा आणि त्यामागची कौलारू घरे दिसायची, मग बंदर, मग नदीच्या मुखावरचा पूल. तिथे तो इंजिनाचा वेग अगदी कमी करायचा. सूर्य बेटाच्या मागे उतरायचा आणि शहरातले दिवे एकेक करून लागायचे. बडबडणारी माणसेही त्या वेळी गप्प व्हायची. उतरताना कुणीतरी हमखास म्हणायचे, “किती बरं वाटलं.” त्यापेक्षा मोठे कौतुक मला कधी लागले नाही.

पुढे किनाऱ्यावर काचेच्या खिडक्यांच्या नव्या बोटी आल्या. गुरुदासचे गुडघे दुखू लागले. त्याने मला जोयड्याच्या जंगलातल्या एका रिसॉर्टला विकले. मला ट्रकवर चढवून घाटाने वर आणले, आणि मी गोड्या पाण्यात उतरले.

तिथले पहिले दिवस चांगले गेले. बाजारकुणंग गावचा उमाजी मला चालवू लागला. तो सांभाळून चालवी. पाण्यात उभे असलेले वठलेले ओंडके त्याला ठाऊक होते. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये शांत पाणी, वरून हॉर्नबिल पक्षी पंखांचा आवाज करत जायचे. माणसे इथेही गप्प व्हायची.

पण रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला, नागराजला, त्या शांततेची भीती वाटे. तो वाईट माणूस नव्हता. बोट रिकामी गेली की मालक त्याला फोनवर वाटेल ते बोलत, एवढेच. एक दिवस त्याने माझे नाव खरवडून काढले आणि ‘जंगल क्वीन’ रंगवून घेतले. डेकवर माइक आणला. मग तो म्हणाला, “नुसतं पाणी बघायला कोण येणार? काहीतरी दाखवायला पाहिजे.”

त्याच सुमारास रुक्मा रिसॉर्टवर काम मागायला आली. तीही बाजारकुणंगचीच. तिचा नवरा म्हादू भाताची शेती करायचा आणि उरलेल्या दिवसांत जंगलखात्याच्या कामावर जायचा. रुक्माला स्वयंपाकघरात काम हवे होते. नागराज म्हणाला, तिथे जागा नाही, पण बोटीवर आहे. रोज संध्याकाळी गाणे म्हणायचे आणि फुगडी घालायची. जोडीला तिची शेजारीण देवकीही आली.

पहिल्याच दिवशी नागराजने दोघींना आखूड लुगडी दिली. खांद्यावर गाठ मारून नेसायची. रुक्माची आजी तसे नेसत असे. रुक्मा स्वतः तुमच्या आयांसारखेच गोल पातळ नेसून कामावर आली होती. गळ्यात घालायला त्याने प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा दिल्या. शेवटी रंगाची डबी उघडून कपाळावर आणि गालांवर पांढरे ठिपके काढायला सांगितले.

“हे ठिपके कशाला?” रुक्माने विचारले. “आमच्यात असलं कोण लावत न्हाई.”

“लोकांना जंगलातलं काहीतरी बघायचं असतं, अक्का,” नागराज म्हणाला. “फोटो चांगले येतात. आयतु? झालं ना? चला, लोक बसले.”

त्या संध्याकाळपासून माझी लाज सुरू झाली.

दोघी मागच्या पडद्यातून बाहेर यायच्या आणि नागराज माइकवर सांगायचा, “ही जंगलातली माणसं. शहर म्हणजे काय, यांना माहीत नाही.” लोक हसायचे. काहीजण मनापासून टाळ्या वाजवायचे, हे खोटे नाही. पण काहीजण तोंडाशी मोबाईल आणून फोटो काढायचे. एकाने आपला खाऊन उरलेला चिप्सचा पुडा रुक्माच्या हातात ठेवला, माकडाला द्यावा तसा. तिने तो घेतला.

एकदा ती उमाजीला म्हणाली, “चवथीला गणपतीपुढं घालतो ती ही फुगडी. हितं कुणापुढं घालतो, त्येच कळंना.”

उमाजीने समोरच्या ओंडक्यापासून मला वळवून घेतले. माझ्या डेकवर एका बाईचा तमाशा होत होता आणि त्याच डेकवर मी लोकांना हौसेने बसवत होते.

रुक्माची मुलगी पूर्णिमा बेळगावला नर्सिंग शिकत होती. रुक्माने तिला सांगितले होते की आपण रिसॉर्टवर स्वयंपाक करतो. पूर्णिमाने मैत्रिणींना काय सांगितले होते, ते मला नंतर कळले. आपण जोयड्याच्या, म्हणजे तालुक्याच्या गावच्या, वडील सरकारी खात्यात आणि आई घरीच असते, एवढेच ती सांगत असे. गावाचे नाव तिने कधी घेतले नव्हते.

भाताची कापणी संपून थंडी पडली होती. एका संध्याकाळी चार मुली बोटीत चढल्या. त्या कुळगीच्या निसर्गशिबिरात सहलीला आल्या होत्या. त्यांतली सोनाली सगळ्यांत बोलकी. बोटीची सफर तिनेच ठरवली होती. पूर्णिमा तिच्याशेजारी बसली आणि पाण्यात हात घालून हसत होती; आई असेल तर स्वयंपाकघरात असेल, असेच तिला वाटत असावे. उमाजीने तिला ओळखले. त्याने इंजिन मंद केले आणि तो उठू लागला. पण पडद्यामागे जाऊन रुक्माला सांगण्याआधीच नागराजने माइक हातात घेतला होता.

रुक्मा बाहेर आली. तोंडावर ठिपके, गळ्यात माळा. पहिल्या ओळीत तिची मुलगी बसली होती.

दोघींनी एकमेकींना पाहिले. पूर्णिमाचा हात पाण्यातून वर आला आणि मांडीवर तसाच ओला पडून राहिला. रुक्माचे गाणे एका शब्दावर अडले. देवकीने तो शब्द पुढे नेला, आणि रुक्मा पुन्हा गाऊ लागली.

“आता पाहुण्यांपैकी कोण येणार फुगडीला?” नागराजने विचारले.

सोनालीने पूर्णिमाला दंडाला धरून उठवले. “ही येणार. हिला छान येते, हॉस्टेलवर घालते.”

पूर्णिमा नाही म्हणाली. बाकीच्या मुलींनी तिला पुढे ढकलले. रुक्माने हात पुढे केले. आईने आणि लेकीने हातांची अढी घातली आणि त्या फिरू लागल्या. फिरता फिरता दोघींचे चेहरे जवळ आले, तेव्हा रुक्मा इतक्या हळू बोलली, की ते फक्त पूर्णिमाने आणि मी ऐकले.

“भिऊ नको बाय. मी वळख देत न्हाई.”

पूर्णिमाने मान खाली घातली.

फुगडी थांबल्यावर सोनालीने मोबाईल काढला. “पूर्णिमा, त्यांच्या शेजारी उभी राहा. मावशी, जरा इकडं सरका. अजून थोडं.” मग ती फोटो बघून हसली. “अगं, तुमचे डोळे किती सारखे आहेत.”

“डोंगरातल्या बायका समद्या सारख्याच दिसत्यात,” रुक्मा म्हणाली.

सगळे हसले. पूर्णिमाही हसली. मित्रांनो, ते हसू मी विसरू शकत नाही. उतरायचा धक्का आला आणि ती मैत्रिणींबरोबर उतरून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही.

लोक गेल्यावर रुक्मा माझ्या कडेला वाकून धरणाच्या पाण्याने ठिपके धुऊ लागली. उमाजी दोर बांधून तिच्याजवळ आला.

“ती तुझी पोर न्हवं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तिला लाज वाटली आसती.” रुक्माने पदराने तोंड पुसले. मग ती म्हणाली, “मलाबी वाटली. ह्या सोंगात लेकीपुढं कशी जाऊ?”

दुसऱ्या दिवशी रुक्मा कामावर आली नाही. अंगात कणकण आहे, असा निरोप तिने देवकीकडे दिला होता. नागराज वैतागला. एकट्या बाईने फुगडी कशी घालायची? उतारू तर बसलेही होते. एवढ्यात कालच्याच चार मुली धक्क्यावरून खाली आल्या. सोनाली विचारत होती, “अगं, काल तर आपण फिरलो. परत कशाला?” पूर्णिमा सरळ देवकीकडे गेली.

“आये कुठं हाय?”

“आली न्हाई गं. घरात बसून हाय.”

पूर्णिमा नागराजला म्हणाली, “तिच्या जागी मी घालते फुगडी.”

“तुम्ही? तुम्ही तर गेस्ट आहात.”

“न्हाई. काल हितं फुगडी घालत होती ती माझी आये. आमचं घर बाजारकुणंगला हाय.”

ती हे घरच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली. नागराजच्या हातात दुसरे लुगडे आणि रंगाची डबी होती. त्याने डबी खिशात घातली आणि लुगडे बाकाखाली सरकवले.

पूर्णिमा सोनालीकडे वळली. “काल तू जिच्याबरोबर माझा फोटो काढलास, ती माझी आई. मी तुला सांगितलं नाही. मला लाज वाटली, सोनाली. मग रात्रभर त्या लाजेचीच लाज वाटत राहिली.”

सोनालीचा चेहरा उतरला. “मी त्यांना इकडं सरका, तिकडं सरका म्हणत होते,” ती म्हणाली, आणि तिने मोबाईल पिशवीत टाकला.

मी पाण्यात निघाले. देवकीने पदराने आपल्या गालांवरचे ठिपके पुसून टाकले. नागराजने सवयीने माइक तोंडाशी नेला. “ही जंगलातली…” एवढे म्हणून तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “ही देवकी. ही पूर्णिमा. बाजारकुणंगच्या आहेत.” आणि त्याने माइक बंद केला.

पूर्णिमा आपल्या रोजच्याच कपड्यांत फुगडी घालत होती. कुणी जवळ येऊन फोटो काढला नाही. एक बाई तिच्याकडे टक लावून बघत होती. पूर्णिमाने तिची नजर चुकवली नाही. आई रोज काय सोसत होती, ते तिला त्या नजरेतून कळत असावे. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, पण ती थांबली नाही.

परत आलो तेव्हा धक्क्यावर रुक्मा उभी होती. कालचे लुगडे आणि माळा गाठोड्यात बांधून ती परत करायला आली होती. डेकवर आपल्या जागी लेकीला पाहून तिने गाठोडे तिथेच धक्क्यावर ठेवले.

पूर्णिमा सगळ्यांत आधी उतरली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आये, घरला जाऊया.”

“तुझ्या मैत्रिणी हायत की.”

“त्यांनाबी न्यायचं हाय.”

रुक्मा गोंधळली. “घर सारवायचं राह्यलंय. खायाला नुसतं कंद उकडून ठिवल्यात.”

“पुरंल की तेवढं.”

तेवढ्यात सोनाली पुढे आली. कालची बडबड कुठच्या कुठे गेली होती. “काकू,” ती म्हणाली, “मी सोनाली. तुमचं नाव काय? काल विचारलंच नाही.”

रुक्माने आधी लेकीकडे पाहिले, मग सोनालीकडे. इतके दिवस माझ्या डेकवर शेकडो माणसे आली आणि गेली, पण हे तिला कुणीच विचारले नव्हते.

“रुक्मा,” ती म्हणाली.

त्या सगळ्याजणी चढणीने मुलींना घेऊन आलेल्या जीपकडे गेल्या. पूर्णिमाने आईचा हात धरला होता.

रुक्मा पुन्हा बोटीवर आली नाही. काही दिवस देवकी एकटीच गाणे म्हणत असे, ठिपक्यांशिवाय. मग नागराजचीही बदली झाली. नंतर आलेल्यांनी माझ्या फटींत कापूस भरला नाही की मला तेल लावले नाही. पाणी आत येऊ लागले. माझ्या जागी मोठ्या आवाजात गाणी वाजवणारी फायबरची बोट आली, आणि मला काठावर ओढून ठेवले. आता माझ्या डेकवर पाला साठतो. दोन फळ्या कुजल्या आहेत. वेळच्या वेळी कुणी लक्ष दिले असते, तर मी अजून फिरत असते. पण त्याचे दुःख मला थोडे आहे. माझ्या डेकवर जे चालले, त्याची लाज जास्त आहे.

मित्रांनो, तुम्ही सफरीला जा. समुद्रावर जा, नदीवर जा, डोंगर आणि सूर्यास्त मन भरून बघा. पण तिथे जे माणूस तुमच्यासमोर उभे राहील, त्याला देखाव्यासारखे बघू नका. फोटो काढण्याआधी त्याचे नाव विचारा, आणि आपले सांगा. आणि तुमची आई काय काम करते हे कुणी विचारले, तर खुशाल सांगा. आपल्या माणसाला ओळख न देता तुम्ही धक्क्यावर उतरून गेलात, तरी ती लाज तुमच्याबरोबर उतरत नाही. ती बोटीतच बसून राहते. तिला उतरवायला पुन्हा यावे लागते, आपल्या माणसाला ओळख द्यायला.

पूर्णिमा आली. सगळेच येत नाहीत.