नारदाच्या गादीवरचा जबाब

टाळ खणखणला की भागाबाईच्या हातातलं काम हातातच राहायचं. भाकर तव्यावर असो की गाय दारात, बाई पदर खोचून देवळाच्या ओट्यावर हजर! जसोंडी गावात लोक थट्टेनं म्हणत, "भागाबाईला न्यायला यमदूत आले, तरी आरती होईस्तोवर त्यांना ताटकळावंच लागंल."

सगळ्या कीर्तनकारांत तिचा जीव दत्तात्रयबुवांवर. बुवा गावच्या शाळेचे मास्तर. चारही वर्गांना मिळून तेवढे एकच. पण खरा जीव कीर्तनात. अभंग उचलला की म्हातारे डोळे पुसत आणि तान्ही पोरं रडायची थांबत. बोलावणं आलं की पावसाचिखलातून निघत आणि बिदागीची बातही काढत नसत. अशा माणसाबद्दल मनात वाकडं आणायचं म्हणजे देव्हाऱ्याकडे पाय करून निजायचं, असं भागाबाईला वाटे.

नागपूरची राजधानी सुटून भोपाळची लागल्याला तेव्हा दोनच वर्षं होत आली होती. साहेब नवे, कागदावरची बोली नवी. गावाचा अजून नीट मेळ बसला नव्हता. पण नव्या राज्यानं एक गोष्ट बरी काढली होती. चौथी पास झालेलं, खरोखर चलाख असं एक पोरगं प्रत्येक गावच्या शाळेनं निवडायचं. पोळ्यानंतर बऱ्हाणपुरात त्याची परीक्षा. उतरलं, तर मॅट्रिकपर्यंतचं राहणं, जेवण, शिक्षण सरकारचं. बुवांनीच हे चावडीवर वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "यंदा आपल्या शाळेत तसं पोरगं नाही. पुढं पाहू." गावानं माना हलवल्या. भागाबाईनंही हलवली.

तिची नात मनकर्णा त्याच साली चौथीत नापास झाली होती. "गणितात कच्ची आहे, आणखी एक वर्ष बसू द्या," असं बुवा म्हणाले होते. पोरीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तेव्हा भागाबाईनंच तिला समजावलं होतं, "बुवा म्हणतात ना, मग असशीलच तू कच्ची. देवाच्या माणसाला खोटं बोलून काय मिळायचंय?"

गोकुळाष्टमी जवळ आली. काल्याच्या दह्याचं विचारावं म्हणून भागाबाई शाळेत गेली. खुर्ची रिकामी होती. तरी चारही वर्ग चिडीचूप! आढ्याला केळीचा एक घड टांगला होता आणि मनकर्णा छडी घेऊन त्याच्याजवळ उभी होती.

"वरच्या फणीत वीस केळी. खालच्या दर फणीत दोन-दोन कमी. फण्या सात. सगळी केळी किती? बोल रे गोटू."

गोटू बोटं मोडायला लागला. वीस, मग अठरा, मग सोळा...

"अरे, मोजत काय बसतो येड्यावानी? मधली फणी पाहा. चौदा. वरच्यांत जितकी जास्ती, तितकीच खालच्यांत कमी. म्हणजे साऱ्या फण्या चौदाच्याच समज. साती चौदे?"

"अठ्ठ्याण्णव!" पोरं ओरडली.

भागाबाईला अक्षरओळख नव्हती, पण केळीत जन्म गेला होता. तिनं मनाशी एकेक फणी मिळवून पाहिली. खरंच अठ्ठ्याण्णव.

"कोणी शिकवलं गं हे तुला? बुवांनी?"

"नाही मोठी माय. बागात बसल्या बसल्या सुचलं."

"आणि बुवा कुठं हायेत?"

"देडतलाईला, सप्त्याला. परवा येतील. मी सांभाळते ना शाळा, फिकर नाही," मनकर्णा ऐटीत म्हणाली.

गोटू मागून बोलला, "आम्हाला तर हीच शिकवते. मास्तर आले तरी हीच. मास्तर तवा पोथी वाचतात."

"चूप रे!"

भागाबाई दारातच खाली बसली. "मने, मग गणितात तू नापास कशी झालीस?"

पोरीची ऐट उतरली. छडीचं टोक जमिनीवर घासत ती म्हणाली, "चुकलं असंल काही. मी मनानंच काहीबाही करते ना. मास्तर म्हणले, कच्ची हाये."

भागाबाई दह्याचं विसरून घरी आली. अंगाची आग आग होत होती. जिच्या भरवशावर आठ आठ दिवस शाळा टाकून जाता येतं, ती पोरगी कच्ची? तिनं लेकाला, देवरामला, गाठलं.

देवराम म्हणाला, "जाऊ दे ना माय. बुवाला कोण विचारील? आणि विचारलं, तर अशी गोड समजूत घालतील की तूच पाया पडून परत येशील."

ते खरंच होतं. शाळेत विचारलं असतं, तर मास्तर बोलले असते आणि मास्तरला गोड बोलता येत होतं. पण नारदाच्या गादीवर उभ्या माणसाची गोष्ट निराळी. तिथं तो पाटलालाही वाकत नाही, बापालाही नाही. सारे त्यालाच वाकतात. आणि त्या मानाच्या बदल्यात त्याच्यावर एकच बंधन, की तिथून खोटं बोलायचं नाही. हे खुद्द बुवांनीच तिला शंभरदा सांगितलं होतं.

काल्याच्या दिवशी देऊळ भरलं. भर दुपारी बुवा गादीवर उभे राहिले. रंग असा चढला की विचारू नका. गोपाळांच्या शिदोऱ्यांचं वर्णन आलं. कोणाची कोरडी भाकर, कोणाचं शिळं ताक, देवानं सगळ्यांचं एकत्र कालवलं. "तिथं कोणाच्या वाट्याला कमी नाही!" बुवा म्हणाले आणि लोकांचे डोळे भरून आले. भागाबाईचेही भरले. तशाच डोळ्यांनी ती उठली, पुढं गेली आणि बुवांच्या पायांवर डोकं टेकवून मग उभी राहिली.

"बुवा, एक विचारते. तुम्ही गादीवर उभे, म्हणून विचारते. माझी मनकर्णा नापास झाली होती?"

मृदंग थांबला.

"भागाबाई, खाली बस!" गावचा पाटील लोटू ओरडला. "कीर्तनात मधी बोलतात का?"

"बसते. बुवा बोलले की बसते."

बुवांनी वीणेकऱ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. कपाळाचा बुक्का घामानं ओघळत होता. एवढ्या मोठ्या गळ्यातून आवाज निघाला तो अगदी बारीक. "पास झाली होती. गणितात पैकीच्या पैकी. अशी बुद्धी मी दुसरी पाहिली नाही."

"मग?"

"चार वर्ग, मी एकटा. सप्त्याला बोलावणं आलं, तर नाही म्हणवत नाही. ती गेली असती, तर शाळा कोणाच्या हवाली करायची?"

आणि गंमत पाहा. लोकांत कुजबुज झाली ती बुवांच्या बाजूनं! "खरंच तर हाय. बुवा कुठं कुठं पुरतील?" लोटू म्हणाला, "पोरीचीच तर जात. शाळेच्या कामी आली, पुण्यच लागलं तिला. एवढ्यासाठी कीर्तन मोडलं ह्या बाईनं!"

"मी मोडलं?" भागाबाई अशी फिरली की लोटू मागं सरला. "पाटील, तुमचा गोऱ्हा कोणी न विचारता वर्षभर जुंपला, तर पुण्य म्हणाल का हो? लाठी काढाल! पोरीला जुंपलं, वर तिलाच सांगितलं की तू मठ्ठ हायेस. आणि मी, मी येडी, तिला म्हटलं, बुवा म्हणतात तर असशीलच." मग ती बुवांकडे वळली. "बुवा, त्या गोपाळांची शिदोरी देवानं मागून घेतली होती. चोरून नाही. माझ्या पोरीची तुम्ही चोरून खाल्ली, आणि ती उपाशी हाय हेही तिला कळू दिलं नाही!"

बायकांच्या गर्दीतून मनकर्णा पुढं आली होती. ती कोणावर रागावली नव्हती, रडतही नव्हती. तिनं इतकंच विचारलं, "मास्तर, म्हणजे मला गणित येतं?"

त्या प्रश्नानं बुवा ढासळले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी तोंडात कोंबलं. कुजबुजणाऱ्यांनी नजरा वळवल्या. लोटूनंही मान खाली घातली.

"येतं," बुवा म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त येतं."

"मग हे बऱ्हाणपूरच्या साहेबापुढं बोला," भागाबाई म्हणाली.

"नोकरी जाईल, भागाबाई."

"जाईल की राहील ते साहेब पाहतील. इथं कबूल करा, मग खाली उतरा."

बुवांनी गादीवरून हात जोडले. "उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच देवरामनं बैलगाडी जुंपली. पुढं बुवा बसले, मागं भागाबाई आणि मनकर्णा. शाळेपाशी पोरं पाट्या घेऊन उभीच होती. त्यांना पाहून मनकर्णाचा जीव खालीवर झाला.

"मोठी माय, गोटूचा भागाकार अर्धा राहिला. आता पोरांना शिकवील कोण?"

"ज्याला सरकार पगार देते तो," भागाबाई म्हणाली, चांगली मोठ्यानं, पुढं बुवांना ऐकू जाईल असं. "हाक रे देवराम."