जयाबाईची ओंजळ

या माऊलीहो, जरा सरकून जवळ बसा, टाळ खाली ठेवा. आज एक गोष्ट सांगतो. आमच्याच देवळात घडलेली आहे.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत जयाबाई राहते. दर एकादशीला कीर्तनाला पहिल्या ओळीत बसायची. पुढं पुढं तिची बोटं आत वळू लागली, अंगठ्याखालचं मांस वाळलं. विडीचं तोंड मुडपेना, मिठाची चिमूट धरवेना. पोलक्याचे हूक लेक, रचना, लावायची. जयाबाईच्या आईचेही हात असेच होते म्हणे.

कीर्तन संपलं की तीर्थ मी वाटतो. एकदा तिच्या तळव्यातनं तीर्थ जमिनीवर सांडलं. पुजारी नागेंद्रअण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "आक्का, हे महारोगाचं लक्षण दिसतंय. पुढच्या खेपेपासनं वाटी आण. आन् मागं बस, चपलांपाशी."

ती बसली. तीन वर्षं. मी लांबूनच तिच्या वाटीत पळी रिकामी करायचो.

यंदा रचनाचीही बोटं कुलपात किल्ली फिरवेनात. मायलेकी बेळगावला गेल्या. डॉक्टर म्हणाले, हा नसांचा आजार, आईबापाकडनं उतरतो. महारोग नव्हे, शिवल्यानं लागत नाही. औषध मात्र नाही. रचना रडली. जयाबाई म्हणाली, "रडतीस कशाला गं? आता मला पुढं बसता येतंय."

एकादशीला ती वाटी न घेता, रचनाला घेऊन आली आणि पहिल्या ओळीत बसली. तीर्थाच्या वेळी नागेंद्रअण्णांनी तिनं आणलेला डॉक्टरांचा कागद उलटसुलट बघितला.

"कागद खरा असंल, आक्का. पण लोकांच्या मनातलं कागदानं जातंय व्हय?"

"मग कीर्तनानं तरी कुठं गेलं?" जयाबाई म्हणाली.

तिनं वाकडी ओंजळ पुढं केली. खालून रचनानं आपली धरली. पळी माझ्या हातात होती. माझा हात देवदयेनं धडधाकट आहे. तो उचलला नाही. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत राहिलो. महारोग असता तरी काय झालं असतं, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

बऱ्याच वेळानं ती कोपरावर भार देऊन उठली. त्यानंतर देवळात आलेली नाही.

माऊलीहो, तीर्थ तुम्हीही घेता. पुढच्या खेपेला तळव्यात थेंब पडला, की तो तोंडाला लावायच्या आधी जयाबाईची आठवण काढा.