गावासाठी एक खुर्ची

कोषाध्यक्षाने एकोणतिसावी खुर्ची उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बैठकीखालचं लाकूड बोटांनी चाचपलं. काही नव्हतं. खुर्ची सरळ करून त्याने कागदावर एक रेघ ओढली आणि तो तिसाव्या खुर्चीकडे वळला. विद्यापीठाच्या वाचनालयात त्या वेळी वीस-बावीस विद्यार्थी होते आणि त्यांतला एकही वाचत नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते. एका मुलीने आपली खुर्ची आपणहून उलटी करून दाखवली.

"धन्यवाद," तो म्हणाला आणि आणखी एक रेघ ओढली.

तो गावातल्या एकुलत्या एका बँकेचा मॅनेजर होता आणि अठरा वर्षं विद्यापीठाचा मानद कोषाध्यक्ष. विद्यार्थी त्याला पाठीमागे 'पावती' म्हणत, कारण पाहुण्या वक्त्याला पाजलेल्या चहाचा खर्चही तो पावतीशिवाय मंजूर करत नसे. बँकेत कर्ज मागायला आलेल्याला तो आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारी. घरात किती माणसं, सकाळी आधी कोण उठतं, धाकटा दिवसभर काय करतो. आपल्या घरात काय चाललंय हे आपल्याआधी मॅनेजरला कळतं, असं लोक म्हणत. त्याचं त्याला कौतुकच वाटे.

खुर्च्या उलट्या करण्याचं कारण साधं होतं. कुलगुरूंना नवं प्रवेशद्वार बांधायचं होतं आणि त्यासाठी विद्यापीठाचे एक्केचाळीस जुने, किरकोळ निधी एकत्र करायचे होते. ज्या निधीमागची दात्याची अट अजून पाळली जाते, त्याला हात लावता येत नाही, असा नियम होता. चाळीस निधी त्याने निकालात काढले होते. एक प्राध्यापकांच्या घोड्याच्या चाऱ्यासाठी होता, एक कंदिलांच्या काचांसाठी. राहिला होता एक. नव्वद वर्षांपूर्वी कपडे शिवणाऱ्या एका बाईने तो दिला होता. वाचनालयात एक खुर्ची गावातल्या माणसासाठी राखावी. तो विद्यार्थी नसावा, शिक्षक नसावा, नोकर नसावा. त्याने रोज फक्त सही करावी. त्याचं नाव-गाव कुणी विचारू नये.

अशी खुर्ची आता कुठून असणार, असं कुलगुरू म्हणाले होते. नसेलही, पण बघितल्याशिवाय सही करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

सदतिसाव्या खुर्चीखाली पितळी पट्टी सापडली. ती कोपऱ्यातल्या खिडकीजवळ होती.

"ती होय? ती पूलवाल्या बाईंची," ग्रंथपाल म्हणाला. तो दोन वर्षांपूर्वीच आला होता आणि त्याला निधीची काही कल्पना नव्हती. जुन्या ग्रंथपालाने जाताना त्याला एवढंच सांगितलं होतं, की त्या खुर्चीवर बाहेरचं कुणी बसलं तर वही पुढे करायची आणि बाकी काही विचारायचं नाही. बाई रोज दुपारी अडीचला येतात, साडेचारला जातात. पुलांवरची पुस्तकं वाचतात. दगडी, लोखंडी, झुलते, पडलेलेसुद्धा. वाचनालयातली संपली, तेव्हा त्यांनी बाहेरून मागवायला लावली. मागे एकदा स्थापत्य विभागाचे एक सर पुस्तकातली आकृती बघत डोकं खाजवत होते, तर बाईंनी नम्रपणे भार कुठून कुठे जातो ते दाखवलं. सर तेव्हापासून दुसऱ्या टेबलावर बसतात.

कोषाध्यक्ष हसला. त्याने वही मागितली.

वहीत तारीख, वेळ आणि सही, एवढंच होतं. पानामागून पान एकच सही. इतरांना ती नुसती एक वळसेदार रेघ वाटली असती. पण सह्या ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ती वाचावी लागली नाही. शेवटच्या अक्षराचा फाटा खाली न जाता मागे वळत होता. पंचवीस वर्षांपूर्वी बँकेत खातं उघडताना, नमुन्याच्या कार्डावर तिने ती सही त्याच्यासमोर तीनदा करून दाखवली होती. फाटा एवढा मागे का नेतेस, असं त्याने विचारलं होतं. नवं लग्न होतं. ती नुसती हसली होती.

त्याने पानं मागे उलटली. जुनी वही मागवली. तिच्या आधीची एक. अकरा वर्षं तीच सही होती.

दोन वाजता तो रोज जेवून घरातून निघे आणि सहाला परते. मधल्या चार तासांत बायको काय करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विद्यापीठाच्या समारंभांना ती येत नसे. तिथे काय करू, म्हणायची.

त्या दिवशी तो जेवायला घरी गेला नाही. अडीच वाजता मासिकांच्या कपाटामागे उभा राहिला. ती आली, वहीत सही केली आणि पिशवीतून चष्मा काढला. घरी ती चष्मा लावत नसे. मग पुस्तक उघडून ती पेन्सिलीने काहीतरी काढू लागली. मधूनच थांबून खालचा ओठ दातांत धरी. ते त्याने पूर्वी कधी पाहिलं होतं का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला.

"ओळखता का बाईंना?" शेजारी येऊन ग्रंथपालाने हळूच विचारलं.

चुकीची माहिती देण्याची त्याला सवय नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

निधी समितीच्या शुक्रवारच्या बैठकीपर्यंत त्याने घरी विषय काढला नाही. अडचण सरळ होती. खुर्ची वापरात आहे, हे लिहिणं त्याचं कामच होतं. पण त्या खुर्चीवर त्याची बायको बसते, हे लपवून तसं लिहिणं म्हणजे लबाडी झाली असती. आणि तेही लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तिथे पूलवाल्या बाई उरल्या नसत्या. कोषाध्यक्षांची पत्नी बसली असती. तिला कुणी उशी आणून दिली असती, कुणी चहा.

बैठकीत त्याने शेरा वाचून दाखवला. अट पाळली जात आहे, वही सोबत जोडली आहे. पण या निधीत माझा वैयक्तिक हितसंबंध आहे. म्हणून माझ्या शेऱ्यावर विसंबू नये, दुसऱ्या सदस्याने खात्री करावी आणि निर्णय इतरांनी घ्यावा.

टेबलाभोवती आधी हसू फुटलं. मग ते विरलं.

"एका खुर्चीत तुमचा कसला हितसंबंध?" कुलगुरूंनी विचारलं.

"आहे हे सांगणं बंधनकारक आहे. कसला ते नाही."

"अहो, पण अठरा वर्षांत तुम्ही कधी..."

"कधीच नाही," तो म्हणाला आणि पेनाचं टोपण लावलं. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलेलं त्याला दिसलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. कर्जदाराने एखाद्या प्रश्नाला बगल दिली, की तो स्वतः आपल्या कॅशियरकडे अशाच नजरेने बघत असे.

एक सदस्य दुपारी वाचनालयात जाऊन आले. खुर्ची होती, तिच्यावर एक बाई होत्या. निधी यादीतून वगळला गेला. प्रवेशद्वाराला त्याने काही फरक पडला नाही. फरक दुसरीकडे पडला. पुढच्या आठवड्यात कोषाध्यक्ष जिन्यावर दिसला, की कारकुनांचं बोलणं थांबू लागलं. कुलसचिव, जे एरवी त्याला वचकून असत, त्यांनी काही कारण नसताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बुधवारी तो सहाला घरी आला. बायकोने चहा ठेवला, समोर बसली आणि कपाची कड निरखत राहिली.

"ऐकलं का," ती म्हणाली, "तुमचं म्हणे वाचनालयातल्या एका बाईशी काहीतरी आहे."

त्याने कप खाली ठेवला.

"कोण म्हणालं?"

"ग्रंथपाल. बिचारा काळजीत होता. म्हणाला, बाई, जपून राहा. कोषाध्यक्ष कपाटामागे उभे राहून बघत असतात. वय झालेल्या माणसांचा भरवसा नसतो."

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग?" त्याने विचारलं. "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माणूस कसा आहे ते मलाही नीट माहीत नाही. चौकशी करून सांगते."

ती उठली, आतून पेन्सिलीने काढलेल्या पुलांनी भरलेली एक जाड वही घेऊन आली आणि चहाचा कप बाजूला सारून ती त्याच्यासमोर ठेवली. तिने पिशवीतला चष्मा काढून डोळ्यांवर लावला.

"पहिल्यापासून सांगू," तिने विचारलं, "की जे उभे राहिले तेवढ्यांचंच?"