जोडी मोडायला आलेली बाई

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. काळ्या दगडाचा, अंगानं गुळगुळीत आणि, आधीच सांगून ठेवतो, संशयी स्वभावाचा. ज्याचा जन्मच छिन्नीचे घाव खाऊन झाला, तो कोणावर पटकन विश्वास कसा ठेवणार?

एका पाथरवटानं मला आणि माझ्या पाट्याला एकाच दगडातून घडवलं. हरसूलच्या आठवडे बाजारात कलाबाईच्या वडिलांनी आमची जोडी घेतली आणि लेकीच्या लग्नात दिली. तेव्हापासून आम्ही मखमलाबादच्या मळ्यात. माझ्याखाली किती मिरच्या, किती लसूण रगडला गेला त्याची मोजदाद नाही. कलाबाईच्या हातचा ठेचा खायला शेजारच्या मळ्यातली माणसं आपापली भाकरी घेऊन यायची. कौतुक व्हायचं कलाबाईचं, पण त्यातलं अर्धं मी गुपचूप माझ्या नावावर लावून घ्यायचो.

मग एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. कलाबाईचा धाकटा मुलगा जीवन अंबडच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं सिडकोत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि आईलाही बरोबर नेलं. मळा थोरल्या मोतीरामकडे राहिला. करमलं नाही तर परत येईन, असं कलाबाईनं निघतानाच बजावलं होतं.

टेम्पोवाल्यानं वाकडी वाट करून द्वारकेच्या चौकात गाडी उभी केली आणि तो कुठेतरी गेला. मला वाटलं, झालं, आता हा आम्हाला विकणार! तो बापडा चहा पिऊन परत आला. तरी घर येईपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

नव्या घरातलं मला काहीच पटेना. फरशी इतकी गुळगुळीत, की पाटा जागेवर ठरेना. ओट्यावर मिक्सर ऐटीत बसलेला. एवढा आरडाओरडा करून चटणी वाटणाऱ्याचं मन साफ असेल, असं मला वाटत नव्हतं. जिन्यातली सगळी दारं दिवसभर बंद. दाराला एक बारीक भोक, त्यातून आधी माणूस बघायचा आणि मग कडी काढायची. ही एकच पद्धत मला आवडली.

पहाटे कलाबाईनं मला हातात घेतलं, की खालच्या घराचं छत दणदणायचं. खाली साधनाबाई राहायच्या. त्यांची लेक वेदिका बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दवाखान्यातून घरी आलं आणि दुसऱ्याच दिवशी साधनाबाई वर आल्या.

"मावशी, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या पाट्याच्या आवाजानं बाळ दचकून उठतं हो."

कलाबाईनं आम्हाला पुसलं आणि ओट्याखाली ढकललं. त्या दिवसापासून वाटण मिक्सरवर होऊ लागलं. सून मनीषा तिला एका कामाला हात लावू देत नव्हती. बिचारी आपली मायेनंच करायची. पण कलाबाई गॅलरीत नुसती बसून राहायची, आणि बसून बसून वाळत चालली होती. शेवटी तिनं जीवनला मोतीरामकडे फोन करायला लावला. रविवारी गाडी घेऊन ये, असा निरोप दिला.

"लय झालं," ती म्हणाली. "इथं माझं काय काम नाय."

मला आनंद झाला. मी तर सामान बांधायचीच वाट बघत होतो.

आणि शनिवारी पुन्हा साधनाबाई दारात! दुसऱ्या दिवशी बाळाचं बारसं होतं आणि त्यांना वरवंटा हवा होता. साऱ्या बिल्डिंगमध्ये विचारून झालं, सगळीकडे मिक्सरच निघाला. मी मनात म्हटलं, वा गं वा! वरवंटा नेला, की पाटा लंगडा. आवाजाचं मूळच उपटायला आलीस होय?

कलाबाईलाही तोच वास आला असावा. "मी जोडी मोडून देत नाय," ती म्हणाली. "मीच घेऊन येईन आन् मीच परत आणीन."

रविवारी मला पदराखाली धरून ती खाली गेली आणि पाळण्याशेजारी पहारा देत बसली. मित्रांनो, बारशाला वरवंट्याचा गोप्या करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला तेल लावलं, हळद-कुंकू लावलं, डोक्यावर टोपडं चढवलं. दगडासारखा टणक हो म्हणून बाळाच्या आधी मला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचं असतं. एका बाजूनं वेदिकाच्या मावशीनं मला दिलं, दुसऱ्या बाजूनं कलाबाईनं घेतलं. दुसऱ्या कोणाच्या हाती ती मला देतेच कशाला! मग तिनं मला बाळाच्या पायाशी निजवलं. इवलासा पाय माझ्या अंगाला लागला. आयुष्यभर मी सगळ्यांवर संशय घेतला, पण त्या घटकेला मला भीती वाटली ती माझीच. कलाबाईनं माझ्यावरचा हात शेवटपर्यंत काढला नाही.

निघताना साधनाबाईंनी तिची ओटी भरली आणि म्हणाल्या, "मावशी, बाळ सातला उठतं. त्यानंतर खुशाल वाटा."

"आन् दचकलं मंग?"

"आता वरवंट्याजवळ निजलंय ना, ओळखेल त्याचा आवाज. आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर काय झालं ते बघायला मीच वर येईन."

कलाबाई जिना चढताना दोनदा थांबली. दम लागला म्हणून थांबली, असं मी तरी समजलो. पण डोळे पुसले तिनं.

संध्याकाळी मोतीराम आला. गाडी खाली उभी होती. कलाबाई पाटा ओढून मिरच्या घेऊन बसलेली. तो बोचकं शोधू लागला, तशी ती मान वर न करता म्हणाली, "आलाच हायेस, तर जेवून जा."

म्हणून सांगतो, मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना ओट्याखाली ढकलू नका. माणसांना तर मुळीच नका. शेजारी कोणी नवं राहायला आलं, तर वाटीभर काही द्यायला सगळेच जातात. तुम्ही काहीतरी मागायला जा. मागितलं, की त्या माणसाला वाटतं, आपलीही इथं गरज आहे.

नेलेली वस्तू मात्र वेळेवर परत करा. माझं लक्ष असतं.