लग्नाआधीचा भराव

लूर्डसबायचा संशय आळीत प्रसिद्ध होता. मासळीवालीने पापलेट ताजं म्हटलं तरी ही कल्ले उघडून बघणार आणि फादरांनी मिस्साची वेळ सांगितली तरी शेजारी जाऊन पुन्हा विचारणार. त्यामुळे राजोडीच्या रस्त्यावरच्या बंद कारखान्यावर नव्या वसाहतीची पाटी लागली, तेव्हा सगळे खूश झाले आणि हिच्या कपाळाला तेवढ्या आठ्या पडल्या.

त्या कारखान्यात पूर्वी नळांना, कड्याकोयंड्यांना मुलामा चढवायचे. मालक कुलूप लावून निघून गेला, पण त्याचं सांडपाणी जमिनीत मुरलं ते मुरलंच. मागच्या भिंतीला बारा महिने निळसर हिरवी खार फुटलेली असे आणि भिंतीलगतच्या विहिरीला गुरंसुद्धा तोंड लावत नसत. लूर्डसबायची विहीर जरा लांब, म्हणून अजून गोड होती. तिच्यावरच केळी, दुधी आणि पानवेलींची वाडी जगत होती. नवरा गेल्यावर तिने शॉन आणि रोवेना या दोन्ही पोरांना त्याच वाडीवर वाढवलं होतं. विहीर गेली की आपलं सगळं गेलं, हे ती येताजाता बोलून दाखवायची.

चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. फुलपाड्याचा सिद्धेश नावाचा तरुण इंजिनियर पडद्यावर चित्रं दाखवू लागला. खाली दुकानं, दवाखाना, वर घरं, मधोमध झाडांचा रस्ता आणि त्यावर गाड्यांना बंदी. दूध आणा, पोरांना शाळेत सोडा, सगळं पायी.

"चित्रं ऱ्हाऊ दे," लूर्डसबाय उठून म्हणाली. "खालची माती काडनार का वरून झाकनार?"

"काढणार, आंटी. विषारी मातीसाठी ठरलेली जागा आहे, तिथे पाठवणार."

"मी बघीन."

आणि तिने खरंच बघितलं. काम सुरू झालं तशी ती रोज सकाळी सोलायच्या वालाच्या शेंगा सुपात घेऊन गेटसमोर ठाण मांडून बसू लागली. प्रत्येक डंपरवर ताडपत्री आहे की नाही ते बघायची. सिद्धेशने चहा पाठवला तर आधी वास घ्यायची. तो बिचारा हसून घ्यायचा. माती निघाली, तपासणी झाली, खड्ड्यात नवी लाल माती आली. आपण बसलो म्हणून हे झालं, असं ती सांगत सुटली, आणि ते खोटंही नव्हतं. तरी मनात कुठेतरी खुटखुटत होतंच. इतकं सरळ कधी काही होतं का?

घरी रोवेनाचं लग्न तोंडावर आलं होतं. आजूबाजूला बिल्डिंगी उंच झाल्यापासून पावसाचं पाणी यांच्या अंगणात तुंबायचं आणि अंगण खचून वाकडंतिकडं झालं होतं. तिथे मांडव कसा उभा राहणार? वसईत एक वेळ पोरीला स्थळ पटकन मिळेल, पण भराव मिळायची मारामार. "मांडवाच्या आदी भराव बघ," असं तिने शॉनच्या मागे टुमणं लावलं होतं. कारखान्याची माती उपसणं चालू होतं तेव्हाच एका संध्याकाळी ती गेटवरून परतली तर ओटीपासून विहिरीपर्यंत अंगण सपाट झालेलं. तिला पोराचं इतकं कौतुक वाटलं की तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणालाच काही विचारलं नाही.

माती दबावी म्हणून पाणी मारलं. ती वाळली, आणि कडेकडेने निळसर हिरवी खार वर आली.

लूर्डसबाय चप्पल न घालता धावत साइटवर गेली. "फसवलंस रे आमाला!" ती सिद्धेशवर ओरडली. त्याने तिथल्या तिथे डंपरच्या ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहिला.

"साहेब, चुकलं. ठरलेल्या जागेपर्यंतचा लांबचा फेरा वाचत होता. पण मी कुणाच्या दारात गेलो नाही. लोकच नाक्यावर गाडी अडवायचे, भराव देतोस का म्हणून."

"कोन लोक?" लूर्डसबायने दरडावलं.

"पहिला तुमचाच मुलगा, बाई."

सिद्धेशचा चेहरा पडला. "आंटी, माती आम्ही उचलतो. पण पाणी तपासून होईपर्यंत विहिरीला हात लावू नका."

घरी शॉनने आधी कानावर हात ठेवले, मग तोच चिडला. "मला काय माहीत कुठली माती? फुकट मिळाली, घेतली. भराव बघ, भराव बघ, कोण म्हणत होतं? आणि तू होतीस कुठे? गेटवर!"

त्याच्या मुस्काटात द्यायला उचललेला हात तिने खाली घेतला. तिला रडू आलं. स्वतःचीच इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"मम्मी, आज कोणाला बोलू नको," शॉन मऊ आवाजात म्हणाला. "लग्न होऊ दे. पाणी फक्त आंघोळीलाच तर पाहिजे."

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणायचं, ही आळीची रीत. त्याच संध्याकाळी बॅंड आला, लाल लुगडी नेसलेल्या बायका गात आल्या. पुढे रोवेना, डोक्यावर फुलं बांधलेली कळशी. लूर्डसबाय विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

"या पान्यात कळशी बुडवायची नाय," ती म्हणाली, आणि कारखान्याची माती आपल्या अंगणात कशी आली ते तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. शॉन आत निघून गेला. बॅंड थांबला.

"अगो, येवडंच ना?" शेजारची सँड्रा म्हणाली. "माझ्या विहिरीवर चला की!"

बायका वळल्या. चार पावलं गेल्यावर सँड्राच थबकली.

"सँड्रा," लूर्डसबायने हळूच विचारलं, "तुज्या परसात मदी भराव कुनी टाकला?"

सँड्रा आपल्या परसाकडे बघू लागली. तिच्या मागच्या मेरीने आपली कळशी जमिनीवर ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. लूर्डसबाय एकेकीकडे बघत गेली. जिच्याकडे बघावं ती नजर चुकवत होती.

"मग कुठल्या घरी जायचं?" बॅंडवाल्याने विचारलं. रोवेना रिकामी कळशी डोक्यावर धरून उभी होती आणि तिला कुठे न्यायचं हे आळीतल्या एकाही बाईला सांगता येईना.