केसभर डावीकडे

शिलाई मशीनच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई जुन्या कॉम्प्युटरचे फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करतात. सगळे त्यांना तबकडीबाई म्हणतात. माझ्या बायकोने सात वर्षं लिहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी एका फ्लॉपीवर अडकून पडल्या होत्या. तिची नजर आता गेली आहे. त्या नोंदी मी वाचून दाखवाव्यात, एवढंच तिचं मागणं. पण घरचा ड्राइव्ह केव्हाच भंगारात गेला होता, म्हणून आम्ही दोघं तो जिना चढलो.

तबकडीबाईंचं काम बघत बसावं असं. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून त्यांनी ड्राइव्हचं फ्लॉपी वाचणारं हेड पुसलं, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसं. रुळांवरचं गोठलेलं तेल खरवडून नव्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडला. मी साधी पेनात शाई भरली तरी टेबल पुसावं लागतं.

"काकू, फ्लॉपी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा एकही ड्राइव्ह ती वाचेना. ज्या ड्राइव्हवर ती लिहिली त्याचंच हेड सरकलेलं असणार. कुणी उघडला होता का तो?"

"आमच्याकडे कोण उघडणार? यांना डब्याचं झाकण उघडत नाही," ही म्हणाली.

मी हातातल्या पुस्तकात डोकं खुपसलं.

"मग अवघड आहे. किती सरकलं, कुठल्या बाजूला, काय कळणार? फ्लॉपी फार वेळा फिरवली तर तिच्यावरचा थर घासला जाईल. दोन-चार वेळांत जमलं तर जमलं."

हिने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मला ते बघवेना.

"मी उघडला होता," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "नोंदी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. खडखडत होता. हेडची मोटर केसभर डावीकडे सरकवली की थांबायचा. तिथेच स्क्रू आवळला."

"डावीकडे? नक्की?"

हा शब्द मी आयुष्यात फार कमी वापरला आहे. "नक्की."

तबकडीबाईंनी कपाटातून त्यांचा सगळ्यात चांगला ड्राइव्ह काढला. तीन आठवडे खपून नेमका लावलेला, वर चिठ्ठी: 'हात लावू नये.' ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच सोलली आणि माझ्या चुकीशी जुळेल असा तो वाकडा लावायला घेतला. स्वतःच्या कष्टांवर इतक्या सहज पाणी सोडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. कान जवळ नेऊन त्या नखाने मोटर ढकलत होत्या. खरखर. पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा शांत टकटक, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

मी वाचलं, "सकाळी सहा दहा. तारेवर दोन चिमण्या. एक भांडकुदळ."

ही हसली.

"रागावली नाहीस?" मी विचारलं.

"अहो, स्क्रूड्रायव्हर तेव्हाच तुमच्या पुस्तकात सापडला होता, खूण म्हणून घातलेला. पण काय केलंत ते तुम्हालाच ठाऊक. टोमणा मारल्याशिवाय तुम्ही तोंड उघडता का?"

तबकडीबाईंनी चिठ्ठी पुन्हा ड्राइव्हवर चिकटवली आणि खाली लिहिलं, 'काकांनी तर नाहीच.'

"वाचा पुढे," ही म्हणाली.