बोरचं पाणी पाजलेली गाडी

मी एक चंदेरी मोटार आहे, जुनी, मागे लांब डिकी असलेली, आणि मित्रांनो, मी आज भयंकर रागात आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू एरवी डोळे पुसत बोलतात. ते मला जमणार नाही. माझा डावा दिवा दोन वर्षांपासून लागत नाही, त्यामुळे पुसायला एकच डोळा उरला आहे, आणि तोही मी वटारूनच ठेवला आहे.

राग कशाचा म्हणाल, तर एका वाक्याचा. "जुनी गाडी म्हणजे खर्चाचं घर." हे मी गॅरेजमध्ये ऐकलं, पेट्रोल पंपावर ऐकलं, लग्नाच्या मांडवाबाहेरही ऐकलं. बोलणारा प्रत्येक जण माझ्या बोनेटवर थाप मारून बोलतो, जशी काही मी बहिरीच आहे. खर्च झाला हे खरं. पण तो कोणामुळे झाला, हे एकदा मलाही सांगू द्या.

तेरा वर्षांपूर्वी मी दूरच्या एका कारखान्यात तयार झाले. तिथलं मला फारसं आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं बारसं कुठे आठवतं? मला आठवतात ते माझे पहिले मालक, अकोल्याचे केशवराव. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, शिस्तीचा आणि थोडा कटकट्या माणूस. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते माझं बोनेट उघडत, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघत, आणि रेडिएटरमधलं हिरवं कूलंट किती उरलं ते पाहत. रेडिएटर म्हणजे माझ्या नाकामागची जाळी. इंजिन तापलं की आतलं हे कूलंट मिसळलेलं पाणी त्या जाळीतून फिरतं, गार होतं आणि परत इंजिनात जातं. त्यांच्या पत्नी माणिकबाई खिडकीतून ओरडत, "माही बीपीची गोळी संपली थे दिसत नाही, गाडीचं तेल बरोब्बर दिसते तुमाले!" केशवराव हसत आणि पुन्हा पट्टी बुडवत. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आठ वर्षं काढली मी, पण एकदाही रस्त्यात उभी राहिले नाही.

मग केशवरावांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. मला घ्यायला अमरावतीजवळच्या भातकुलीकडच्या एका खेड्यातून चंद्रभान आले. केशवरावांनी किल्ली हातात देताना त्यांना अर्धा तास उभं करून सगळं समजावलं. हवा किती, तेल कधी बदलायचं आणि शेवटी, "रेडिएटरमध्ये कूलंट टाकत जा, अन् वरून लागलं तर स्वच्छ पाणी." चंद्रभाननी मान डोलावली. माणूस कष्टाळू, मनाने वाईट मुळीच नाही. पण इथेच घोळ झाला.

केशवराव शहरातले. त्यांच्या नळाला गोडंच पाणी यायचं, म्हणून 'गोडं पाणी' असं वेगळं सांगावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि चंद्रभानचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या गावांमध्ये जमीन काळीभोर, पण खाली कितीही खोल जा, पाणी खारट. बोरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तोंडात घेतलं तर थुंकावं लागतं. प्यायचं गोडं पाणी नळाला सहा-सात दिवसांनी येतं, तेही तासभर. बायामाणसं ते घागरी, पिंप, बादल्या, मिळेल त्यात भरून ठेवतात. असलं पाणी गाडीला कोण घालणार?

पहिल्याच उन्हाळ्यात चंद्रभाननी बोरच्या पाण्याची बादली आणून माझ्या रेडिएटरमध्ये ओतली. त्यांची बायको वच्छला तिथेच उभी होती. ती म्हणाली, "अवो, हे तं बोरचं हाय."

"मंग?" चंद्रभान म्हणाले. "साफ तं हाय ना. गाडीले काय चव समजते? मानसाले प्याले पुरून नाही राहिलं, अन् इले गोडं पाजू?"

मित्रांनो, मला एक सांगा. त्याच अंगणात दोन बैल होते. त्या बैलांना चंद्रभान घरच्या वाट्यातलं गोडं पाणी पाजत, खारं कधी दाखवतसुद्धा नसत. पोळ्याला त्यांची शिंगं रंगवत, झूल घालत. माझ्याही कौतुकात काही कमी नव्हती म्हणा. दसऱ्याला झेंडूचा हार, दर शनिवारी नवी लिंबू-मिरची, मागच्या काचेवर दोन्ही मुलांची नावं, आणि एक हॉर्न तर असा बसवला की म्हशी बिथरायच्या. वरून नटवायचं आणि आत मीठ ओतायचं, याला काय म्हणावं? माझी दृष्ट काढण्यापेक्षा माझं झाकण काढून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पण वच्छलाबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी ती माझ्यावरच गाडी चालवायला शिकली, हरभरा निघाल्यानंतरच्या मोकळ्या वावरात. त्या शिकण्यात माझी एक क्लच प्लेट जळाली. साडेआठ हजार लागले. त्या पैशांचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण मोटार शिकणाऱ्याच्या हाती गेली की एवढं व्हायचंच.

वच्छला उन्हाळाभर गव्हाचा चीक काढून कुरड्या करते, मूगवड्या आणि ज्वारीचे पापड करते, आणि बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घरोघर नेऊन विकते. पूर्वी ती एसटीने जायची. गर्दीत टोपली डोक्यावर, मांडीवर, जमेल तिथे. उतरेपर्यंत निम्म्या कुरड्यांचा चुरा व्हायचा, आणि चुऱ्याला कोण भाव देतं? माझ्या मागच्या सीटवर आणि डिकीत मात्र टोपल्या शांतपणे बसायच्या. कुरड्या जशाच्या तशा पोचू लागल्या. दोन घरांची वीस घरं झाली. धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी त्यातून जाऊ लागली. नवऱ्याला न विचारता स्वतःसाठी चष्मा घेतला तेव्हा ती माझ्या आरशात स्वतःला बघून हसली होती.

आत मात्र मीठ आपलं काम करत होतं. दुसऱ्या वर्षी रेडिएटर गळू लागला. अमरावतीच्या गॅरेजमधले डोमाजी मिस्त्री, चांगल्या हाताचे, पण घाईचे. त्यांनी नवा रेडिएटर बसवला, सहा हजार. तिसऱ्या वर्षी पाण्याचा पंप गंजून गेला, तीन हजार. मग रबरी पाइप फुटले. मग डोमाजींनी माझा थर्मोस्टॅटच उपटून काढला. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती एक छोटीशी झडप असते. "वऱ्हाडात एवढी गर्मी, याले काय करता?" असं म्हणून त्यांनी ती खिळ्यांच्या डब्यात टाकली. ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून द्यावा, तसला हा इलाज! आणि प्रत्येक वेळी बिल देताना चंद्रभान म्हणत, "जुनी गाडी, जी. चालाचंच." आत कोणतं पाणी आहे हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मी गॅरेजमधून बाहेर पडले की दुसऱ्या दिवशी पुन्हा बोरची बादली हजर.

गेल्या मे महिन्यात वच्छलाला बडनेऱ्याच्या एका लग्नघराची मोठी ऑर्डर मिळाली. रुखवतात मांडायला आणि पंगतीला मिळून वीस किलो कुरड्या. सकाळी दहाला ती निघाली, आणि भातकुली ओलांडून थोडं पुढे गेल्यावर माझ्या काट्याने लाल रेघ ओलांडली. मी किती ओरडावं? मला बोलता येत नाही, मला फक्त वाफ सोडता येते. ती मी सोडली. वच्छला घाबरून खाली उतरली. झाड नाही, सावली नाही. शेवटी एक ऑटो थांबला, त्यात टोपल्या कोंबल्या, आणि खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने तो धडधडत गेला. अर्ध्याहून जास्त कुरड्या फुटल्या. लग्नघराच्या बाईंनी म्हणे चुरा परत केला आणि वर म्हणाल्या, "रुखवतात का चुरा मांडू?" पुढच्या आठवड्यात क्वार्टरमधली आणखी तीन घरं दुसरीकडून घेऊ लागली. वच्छला रडली नाही. मी तिचं रडणं ओळखते. त्या दिवशी माझ्यापाशी परत येऊन तिने चुरा गोणीत भरला आणि रिकाम्या टोपल्या माझ्या डिकीत ठेवल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

मला ओढत डोमाजींच्या गॅरेजमध्ये आणलं. इंजिनाच्या दोन भागांमध्ये एक पातळ पट्टी असते, तिला हेड गॅस्केट म्हणतात. ती जळली होती आणि वरचं हेड वाकलं होतं. डोमाजींनी आकडा सांगितला, बावीस हजार.  दुसऱ्या दिवशी चंद्रभान एका भंगारवाल्याला घेऊन आले. माझी किंमत ठरली अठ्ठावीस हजार आणि दोन हजार इसार त्यांनी खिशात घातला. माझ्यासमोर, मित्रांनो! भंगारवाल्याने मला नीट बघितलंही नाही. तो फक्त माझं वजन डोळ्यांनी मोजत होता.

त्याच वेळी वच्छला आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती एसटीने आली होती. डिकीतून आपल्या रिकाम्या टोपल्या काढता काढता ती माझ्या उघड्या बोनेटपाशी थांबली. सुटून पडलेल्या पाइपाच्या तोंडाशी पांढरी खपली साचली होती. तिने ती नखाने उकरली. पापडखार, मीठ, चीक, हे आयुष्यभर हाताळलेली बाई ती. तिने बोट जिभेला लावलं आणि लगेच थुंकली.

"डोमाजीभाऊ, हे चाखा."

"मी काहून चाखू, वयनी?"

"चाखा मनते ना!"

डोमाजींनी चाखलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे तं खारं हाय. कोनतं पानी टाकता तुमी?"



"बोरचं," वच्छला म्हणाली. "पाच वर्सं झाले. अन् तुमी पाच वर्सं पार्ट बदलून राहिले, एकडाव तरी इचारलं काय?" मग ती नवऱ्याकडे वळली. "खाऱ्या पान्यात चीक भिजवला तं कुरोड्या लाल पडते, हे मले समजते. अन् हे नाही समजलं. मी पन तिथंच उभी होती. माही बी चुकी हाय. पन गाडी नाही इकाची."

"इसार घेतला मी, वच्छे," चंद्रभान हळू आवाजात म्हणाले. "जबान देली."

"जबान तुमी देली, गाडी मी चालवते काय नाही?" तिने कनवटीची पुरचुंडी सोडली, दोन हजार मोजले आणि भंगारवाल्याच्या हातावर ठेवले. "भाऊ, माफ करजा. हे गाडी मेली नाही. हे आमी मारून राहिलो होतो."

तेरा वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य. माझी बॅटरी काढून ठेवली नसती, तर मी तिथेच हॉर्न वाजवला असता.

दुरुस्तीच्या बावीस हजारांतले मजुरीचे तीन हजार डोमाजींनी, शरमेने म्हणा की आणखी कशाने, कमी केले, आणि उरलेले तिने दोन हप्त्यांत दिले. माझं हेड घासून सपाट झालं. खिळ्यांच्या डब्यातला थर्मोस्टॅट गंजलेला निघाला म्हणून नवा बसला. आत हिरवं कूलंट गेलं. डोमाजींनी बजावलं, "वरून कमी पडलं तं गोडंच पानी, वयनी. बोरचं टाकसान तं गाडी मह्यापाशी आनू नोका." तेव्हापासून वच्छला नळ आला की पहिल्यांदा पाच लिटरची एक कॅन भरून माझ्या सीटमागे ठेवते. बडनेऱ्याची घरं परत येत आहेत. तुटलेल्या तीन घरांपैकी दोन आली.

तर माझ्या छोट्या मित्रांनो, तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी असेल. तिला नावं ठेवण्याआधी तिचं बोनेट उघडा. तिला हार घालणाऱ्या मोठ्या माणसांना विचारा की आत काय ओतता. ते रागावले तरी विचारा. वस्तू म्हातारी होते ती तिच्या नशिबाने, पण तिचे हाल होतात ते आपल्या आळसाने. आणि 'जुनी म्हणजे खर्चाचं घर' असं माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका, माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

अर्धा मात्र परवा गेला. नळाला आठ दिवस पाणी आलं नव्हतं आणि घरातली घागर कोरडी पडली होती. चंद्रभान भर दुपारी वावरातून आले, ओठ सुकलेले. घरात कोणी नव्हतं. त्यांनी माझं दार उघडलं, सीटमागची कॅन बाहेर काढली आणि झाकण फिरवलं. मी बघत होते.  मग त्यांनी झाकण परत घट्ट लावलं, कॅन होती तिथे ठेवली, आणि तांब्या घेऊन शेजारच्या लीलाबाईंच्या दारात पाणी मागायला गेले.